कवटीचे हाड काढायला संमती दिली, ती चूक होती का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. प्रश्नकर्त्या ताईंचा ३१ वर्षांचा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, आवरणाखाली, १४ मिलिमीटर जाडीचा रक्ताचा थर दिसला आणि मेंदूची मध्यरेषा ११ मिलिमीटर उजवीकडे सरकलेली होती. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून रक्त काढले, डाव्या बाजूचे हाड परत न बसवता पोटाच्या कातडीखाली ठेवले. आज बारावा दिवस आहे. गळ्यातून श्वासाची नळी घातलेली आहे, व्हेंटिलेटर सुटला आहे, चिमटा काढला की तो डोळे उघडतो आणि डावा हात तिथपर्यंत नेऊन समोरच्याचा हात ढकलतो. उजवी बाजू मात्र फारशी हलत नाही. संमतीपत्रावर सही ताईंनी केली होती. त्यानंतर त्यांच्या वाचनात केंब्रिजचे न्यूरोसर्जन प्राध्यापक पीटर हचिन्सन यांच्या २०१६ च्या शोधनिबंधाचा सारांश आला. हाड काढल्याने मृत्यू कमी होतात, पण डोळे उघडे असूनही भान नसलेल्या, म्हणजे व्हेजिटेटिव्ह अवस्थेत राहणाऱ्यांचे प्रमाण २.१ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर जाते, हे वाचून त्या विचारतात: "मी सही करून भावाला वाचवले, की मरणापेक्षा वाईट अवस्थेत ढकलले?"

गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी डोक्याच्या दुखापतींच्या शस्त्रक्रिया करतो आहे आणि हा प्रश्न मला आयसीयूच्या दाराबाहेर अनेकदा ऐकावा लागला आहे, बहुतेक वेळा इतक्या स्पष्ट शब्दांत नाही. तुमच्या भावाचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, अपघातानंतर लगेच त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्यांची स्थिती काय होती हे तुम्ही लिहिलेले नाही आणि शस्त्रक्रियेला किती उशीर झाला हेही त्यात नाही. या तीन गोष्टींवर पुष्कळ काही अवलंबून असते, तेव्हा मी पुढे जे लिहितो आहे ते त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मताची जागा घेऊ शकत नाही. तरीही तुम्ही दिलेल्या माहितीवरून एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकतो. तुम्ही वाचलेला निबंध उत्तम आहे, पण तो तुमच्या भावाच्या शस्त्रक्रियेबद्दलचा नाही.

हाड काढण्याची शस्त्रक्रिया दोन अगदी वेगळ्या प्रसंगी केली जाते आणि नाव एकच असल्यामुळे नातेवाइकांचाच नव्हे, तर कधीकधी डॉक्टरांचाही गोंधळ होतो. पहिला प्रसंग म्हणजे रक्त साचून मेंदू दाबला गेलेला असतो, ते काढण्यासाठी कवटी उघडावीच लागते आणि काम झाल्यावर हाड परत बसवायचे की नाही एवढाच प्रश्न उरतो. दुसरा प्रसंग असा की काढण्याजोगे मोठे रक्त नसते, पण मेंदूला सूज येऊन कवटीतला दाब वाढत जातो. डोके उंच ठेवणे, गुंगीची औषधे, मॅनिटॉल, तीव्र सलाइन असे सगळे उपाय करूनही दाब उतरत नाही आणि मग शेवटचा उपाय म्हणून, बहुधा काही दिवसांनी, हाड काढले जाते. तुमच्या भावाची शस्त्रक्रिया पहिल्या प्रकारची आहे. २०१६ चा निबंध दुसऱ्या प्रकाराचा आहे.

त्या निबंधाने वाचकांना इतके अस्वस्थ का केले, हेही समजून घ्यायला हवे, कारण त्याचे आकडे तुमच्या मनातून सहजासहजी जाणार नाहीत. कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि पाण्यासारखा द्रव एवढ्या तीनच गोष्टी असतात. एक वाढली की दुसऱ्या दोघींना जागा सोडावी लागते आणि ती जागा संपली की दाब झपाट्याने चढतो. निरोगी प्रौढ माणसात हा दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. मेंदूला रक्त मिळते ते शरीराच्या सरासरी रक्तदाबातून हा दाब वजा करून जे उरते त्या जोरावर, त्यामुळे आतला दाब वाढला की मेंदू जणू आतूनच उपाशी पडतो. मग पेटीचे झाकणच काढून टाकले तर? हा विचार नवा नाही. कोखर आणि कुशिंग या सर्जननी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो मांडला होता. दाब उतरतो याबद्दल कोणालाच शंका नव्हती. प्रश्न होता तो दाब उतरल्याने माणूस सुधारतो का, हा.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील जेमी कूपर आणि सहकाऱ्यांनी डेक्रा नावाची चाचणी प्रसिद्ध केली. १५५ रुग्ण, दाब २० च्या वर अवघी पंधरा मिनिटे राहिला की दोन्ही बाजूंचे हाड काढायचे, अशी तिची रचना होती. दाब उतरला, पण सहा महिन्यांनी वाईट अवस्थेत असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ७० टक्के आणि औषधोपचाराच्या गटात ५१ टक्के निघाले. मृत्यू जवळजवळ सारखेच होते. त्या वर्षी आमच्या क्षेत्रात बरीच खळबळ झाली आणि काहींनी ही शस्त्रक्रियाच बंद करावी असे म्हटले. मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते की पंधरा मिनिटे फार लवकर होती. जो दाब औषधांनी उतरला असता त्यासाठी कवटी उघडण्याची किंमत रुग्णांनी मोजली.

हचिन्सन यांच्या रेस्क्यू-आयसीपी चाचणीने, म्हणजे तुम्ही वाचलेल्या २०१६ च्या निबंधाने, हाच प्रश्न जास्त रास्त रीतीने विचारला. तीत ४०८ रुग्ण होते, वय १० ते ६५. दाब २५ च्या वर किमान एक तास राहिला पाहिजे आणि तोही आधीचे सगळे उपाय करून झाल्यावर, अशी अट होती. २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे रुग्ण जमवावे लागले, यावरूनच ही स्थिती किती निवडक आहे ते कळते. सहा महिन्यांनी मृत्यू शस्त्रक्रियेच्या गटात २६.९ टक्के विरुद्ध औषधोपचाराच्या गटात ४८.९ टक्के, म्हणजे शंभरामागे बावीस माणसे जास्त जगली. ही बावीस माणसे कोणत्या अवस्थेत जगली हा पुढचा प्रश्न आणि तुमची झोप उडाली ती इथे. त्या बावीसपैकी सहा व्हेजिटेटिव्ह अवस्थेत होती, आठ घरातही सतत कोणीतरी सोबत लागावे अशा स्थितीत होती आणि उरलेली आठ निदान घरात स्वतःचे स्वतः करू शकत होती किंवा त्याहून बरी होती.

सारांश वाचणारे बहुतेक जण इथेच थांबतात. पण त्याच निबंधात वर्षभरानंतरचे आकडेही आहेत. जास्त जगलेली माणसे तेव्हाही बावीसच होती, पण त्यांतली पाच व्हेजिटेटिव्ह अवस्थेत, चार पूर्ण परावलंबी आणि तेरा घरात स्वतंत्र किंवा त्याहून बरी होती. आठाची तेरा झाली. २०२२ मध्ये याच रुग्णांचे दोन वर्षांनंतरचे निकाल आले आणि त्यांतही असे दिसले की सहा महिने ते दोन वर्षे या काळात शस्त्रक्रियेच्या गटातले रुग्ण वरच्या पायरीवर सरकण्याची शक्यता जास्त होती. माझ्या मते या सगळ्या संशोधनातून नातेवाइकांनी घ्यायची गोष्ट जर कोणती असेल तर ती हीच आहे. सहाव्या महिन्याला काढलेला फोटो हा शेवटचा फोटो नसतो.

आणखी एक बारकावा आहे. 'घरात स्वतंत्र' याला हचिन्सन यांनी चांगल्या निकालात धरले आणि त्यावर बरीच टीका झाली. दिवसाचे आठ तास अशा रुग्णाला घरी एकटे ठेवता येते, पण तो एकटा बाजारात जाऊन सामान आणू शकत नाही किंवा बसने प्रवास करू शकत नाही, असा तो अर्थ आहे. इंग्लंडमध्ये एकट्या राहणाऱ्या माणसासाठी ही स्थिती फार कठीण असेल. आपल्याकडे तीन पिढ्यांच्या घरात, जिथे कोणीतरी घरी असतेच, तिथे हाच माणूस सकाळी अंघोळ करून, पेपर चाळून, मुलाला शाळेच्या रिक्षात बसवून देत असतो आणि घरचे त्याला बरा झाला असेच म्हणतात. याचा अर्थ त्रास नसतो असा नाही. चिडचिड, विसराळूपणा आणि गेलेली नोकरी यांचा भार बायकोवर किंवा आईवर पडतो आणि तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. पण 'चांगले' आणि 'वाईट' यांमधली रेषा कुठे ओढायची हे घराघरांवर अवलंबून असते, हे मी अनुभवाने शिकलो आहे.

आता तुमच्या भावाच्या शस्त्रक्रियेकडे वळतो. आवरणाखालचे ताजे रक्त १० मिलिमीटरपेक्षा जाड असेल किंवा मध्यरेषा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल, तर रुग्ण किती शुद्धीवर आहे हे न पाहता ते रक्त काढावे, अशी आमच्याकडची सर्वमान्य शिफारस आहे. तुम्ही दिलेले १४ आणि ११ हे आकडे दोन्ही मर्यादांच्या पलीकडचे आहेत. म्हणजे सही करताना तुमच्यासमोर 'शस्त्रक्रिया की औषधे' असा पर्याय नव्हताच. कवटी उघडायची नाही असे ठरले असते, तर त्या रात्रीचा दुसरा मार्ग बहुधा मृत्यूचाच होता. तुम्ही स्वतःला ज्या निवडीबद्दल दोष देत आहात, ती निवड तुमच्या हातात आलीच नव्हती.

खरी निवड शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते, म्हणून ती जवळून सांगतो. हाड उचलल्यावर मेंदूचे जाड आवरण ताणलेले आणि निळसर दिसते. खाली रक्त आहे हे रंगावरूनच कळते. आवरणाला चीर दिली की जांभळट, जेलीसारखे गोठलेले रक्त दाबाने बाहेर येऊ लागते, ते आम्ही सलाइनची पिचकारी आणि सक्शन वापरून हळूहळू काढतो, रक्तस्राव थांबवतो आणि मग काही मिनिटे नुसते बघत थांबतो. मेंदू खाली बसला आणि नाडीबरोबर संथ हलू लागला, तर हाड परत बसवता येते. उलट तो फुगून हाडाच्या कडेच्या वर येऊ लागला, तर हाड बसवणे अशक्यच असते. अवघड असते ती मधली स्थिती, जिथे मेंदू कडेपर्यंत आला आहे, वर आलेला नाही आणि उद्या-परवा सूज किती वाढेल ते कोणालाच सांगता येत नाही.

ही मधली स्थिती हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या चाचणीत तपासली आणि तुम्ही वाचायला हवा तो निबंध हा आहे. रेस्क्यू-एएसडीएच या नावाची ही चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ४५० रुग्ण होते, केंद्रे ११ देशांत होती आणि त्या देशांत भारतही होता. रक्त काढून झाल्यावर, टेबलावरच, हाड बसवायचे की काढून ठेवायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले गेले. मेंदू इतका फुगलेला की हाड बसणारच नाही, असे रुग्ण त्यातून वगळले होते. वर्षभरानंतर दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. हाड बसवलेल्यांत मृत्यू ३०.२ टक्के, काढून ठेवलेल्यांत ३२.२ टक्के. व्हेजिटेटिव्ह अवस्था २.३ आणि २.८ टक्के. चांगली सुधारणा २५.६ आणि १९.९ टक्के. तुम्हाला भेडसावणारा ८.५ हा आकडा इथे कुठेही नाही.

फरक होता तो पुढच्या भानगडींमध्ये. हाड बसवलेल्यांपैकी १४.६ टक्के रुग्णांना दोन आठवड्यांत डोक्याची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली, हाड काढून ठेवलेल्यांत ती वेळ ६.९ टक्के रुग्णांवर आली. याउलट जखमेच्या तक्रारी हाड काढलेल्यांत जास्त, १२.२ टक्के विरुद्ध ३.९ टक्के. म्हणून हाड सहज बसत असेल तर बसवावे, असा त्या संशोधकांचा कल आहे आणि तत्त्वतः मला तो पटतो. पण मी स्वतः एक गोष्ट आणखी पाहतो. रात्री तीन वाजता या रुग्णाची बाहुली मोठी झाली, तर या रुग्णालयात पंधरा मिनिटांत सीटी होईल का, भूलतज्ज्ञ आवारात आहे का, कवटीतला दाब मोजणारी तार बसवलेली आहे का? केंब्रिजमध्ये या तिन्ही प्रश्नांची उत्तरे 'हो' असतात. आपल्याकडच्या अनेक जिल्हास्तरावरच्या रुग्णालयांत ती तशी नसतात आणि तिथे मधल्या स्थितीतल्या मेंदूवर हाड न बसवणारा सर्जन अडाणी नसून दूरचा विचार करणारा असतो. तुमच्या भावाच्या सर्जनने नेमके काय पाहिले, हे शस्त्रक्रियेच्या टिपणात एका ओळीत लिहिलेले असते. "रक्त काढल्यावर मेंदू बसला होता की फुगला होता?" एवढाच प्रश्न त्यांना शांतपणे विचारा, बहुतेक सर्जन नीट उत्तर देतात.

आता बारावा दिवस. चिमटा काढल्यावर हात नेमका तिथपर्यंत नेऊन ढकलणे याला आमच्या शुद्धीच्या मोजपट्टीत हालचालीचे सहापैकी पाच गुण मिळतात. सांगितलेले ऐकून हात उचलला तर सहा. मेंदूने दुखण्याची जागा ओळखली, हात तिकडे वळवला, हे नुसते आखडून घेण्यापेक्षा वरचे काम आहे आणि मला ते आशादायक वाटते. उजवी बाजू लुळी असणे डाव्या बाजूच्या दुखापतीशी जुळते. डाव्या बाजूला बहुतेकांचे भाषेचे केंद्र असते, त्यामुळे तो शुद्धीवर आला तरी बोललेले त्याला लगेच कळेलच असे नाही. "हात वर कर" याला प्रतिसाद मिळाला नाही म्हणजे भान नाही, असे धरू नका. स्वतः हात वर करून दाखवा, त्याच्यासमोर ओळखीची वस्तू धरा, आरसा धरून नजर त्यामागे फिरते का ते पाहा. अशा खुणा आईला किंवा बहिणीला राउंडवरच्या डॉक्टरांच्या आधी दिसतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

किती सुधारेल, याचे उत्तर आज कोणी टक्केवारीत देत असेल तर जपून ऐका. वय, सुरुवातीचे शुद्धीचे गुण, बाहुल्या, इतर दुखापती आणि सीटी यांवरून अंदाज बांधणारी कोष्टके आहेत. ती शंभर माणसांच्या गटाबद्दल बरोबर बोलतात, तुमच्या भावाबद्दल नाही. माझ्या एका रुग्णाला सहाव्या महिन्यात घरी एकटे सोडता येत नव्हते. दीड वर्षाने तो घरच्या पिठाच्या गिरणीवर बसून सुट्टे पैसे मोजून देत होता. तितक्याच वयाचा, जवळजवळ तसाच सीटी असलेला दुसरा एक मुलगा तीन वर्षांनीही कोणाला ओळखत नव्हता. दोन्ही घरांत संमतीची सही सारख्याच घाईत झाली होती.

तुम्ही 'मेंदू जागा करणाऱ्या इंजेक्शनां'बद्दलही विचारले आहे. त्यांतले सिटिकोलिन आपल्याकडे सर्रास दिले जाते. २०१२ मध्ये १,२१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. त्याने फारसे बिघडत नाही, पण त्यासाठी दागिने गहाण ठेवू नका. स्टिरॉइड मात्र मेंदूच्या दुखापतीसाठी कोणी सुचवले तर कारण विचारा, कारण दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या क्रॅश चाचणीत, २००४ मध्ये, त्याने मृत्यू वाढल्याचे दिसले. अमँटाडिन या गोळीने चार ते सोळा आठवड्यांच्या काळात भान कमी असलेल्या रुग्णांची सुधारणा काहीशी वेगाने झाल्याचे एका चांगल्या चाचणीत दिसले आहे. ती आज सुरू करायची गोष्ट नाही, पण महिन्याभराने डॉक्टरांशी बोलण्यासारखी आहे. त्याआधी पैसे आणि माणसे यांची जोडणी फिजिओथेरपी, दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीची स्वच्छता आणि पुरेसा आहार यांसाठी करा. पाठीवर पडलेली जखम किंवा छातीत झालेला जंतुसंसर्ग रुग्णाला जितका मागे ओढतो, तितके कोणतेही इंजेक्शन त्याला पुढे नेत नाही.

पोटात ठेवलेले हाड सूज उतरल्यावर, जखम आणि ताप यांची काळजी मिटल्यावर, साधारण सहा आठवडे ते तीन महिन्यांत परत बसवतात. काही वेळा ठेवलेले हाड विरघळते किंवा त्यात जंतुसंसर्ग होतो, तेव्हा टायटॅनियमचा पत्रा बसवावा लागतो, हे आताच माहीत असू द्या म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. मधल्या काळात त्या जागेवर रोज एकदा अलगद हात ठेवून पाहा. ती जागा मऊ असावी आणि बसवल्यावर थोडी आत जावी. ती फुगून टणक झाली आणि सुधारत असलेला रुग्ण पुन्हा सुस्त झाला, तर मेंदूत पाणी साचत असल्याची शंका घेऊन सीटी करावा लागतो. उलट ती जागा खूप खोल गेली आणि उठवून बसवले की तो मलूल होतो, आडवे केले की बरा वाटतो, असे दिसले तर हाड लवकर बसवण्याचा विचार करावा लागतो. अशा काही रुग्णांचा अडखळणारा हात हाड बसवल्यावर काही दिवसांतच सुधारलेला मी पाहिला आहे.

आज संध्याकाळी करण्याजोगे एक साधे काम आहे. डोक्याच्या पट्टीवर आणि पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'डाव्या बाजूला हाड नाही' असे लिहिलेले आहे का ते पाहा आणि नसेल तर सिस्टरांकडून लिहून घ्या, कारण रात्रपाळीला नव्याने आलेला वॉर्डबॉय कूस बदलताना त्याला नेमका डावीकडेच वळवतो.